मुंबईहून क्रूझला चढायच्या आधी दीड दिवस हातात आहे, कमी पैशांत काय बघावं?

होटगीरोड (रविवार, रात्री ९.१०)

फेब्रुवारीत मुंबई-गोवा अशी तीन रात्रींची बोट घेतली आहे. मंगळवारी दुपारी बॅलार्ड पियरहून चढायचं, शुक्रवारी सकाळी तिथंच उतरायचं. चौघं आहोत: आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (६८, गुडघ्यांचा त्रास, जिने नकोत). रविवारी रात्री सोलापूर सोडून सोमवारी सकाळी मुंबई, म्हणजे सोमवार आख्खा आणि मंगळवारची सकाळ मिळते.

बोटीच्या तिकिटातच खिसा रिकामा झालाय. खोलीचं भाडं सोडून हिंडण्या-खाण्यावर अडीच हजारांच्या वर जायचं नाही. यादी अशी: घारापुरी, तारापोरवाला मत्स्यालय, राणीची बाग, गेटवे, म्युझियम, सिद्धिविनायक, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, जमलं तर जुहू. एक गाडीवाला दिवसभराचे साडेचार हजार सांगतोय. घ्यावी का?

कंबरतलाव (रविवार, रात्री ९.३२)

गाडी घेऊ नका. आणि यादीतली तीन नावं आत्ताच खोडा.

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतेत. तारापोरवाला कोरोनापासून बंदच हाय. सहलीच्या जुन्या पत्रकात नाव अजून छापतेत, म्हणून लोकं पोरांना घेऊन मरीन ड्राइव्हवर मासे शोधत फिरतेत. आणि जुहू? बॅलार्ड पियरपासून वीस किलोमीटरच्या पुढं. समुद्र बघायचाय तर दुसऱ्या दिवशी तीन रात्री त्याच्यावरच झोपणार हाव की ओ.

भुईकोट (रविवार, रात्री ९.५०)

वारांचं गणित आधी पक्कं करा, कारण मुंबईत चुकतं ते इथंच. सोमवारी बंद: घारापुरी, काळा घोड्याजवळची राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची इमारत, फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय. बुधवारी बंद: राणीची बाग. तुमच्या सोमवारी बाग उघडी आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही उघडं आहे. सोमवार हा वाईट वार, पण तुमच्या यादीपुरता चालून जाईल.

सात_रस्ता (रविवार, रात्री १०.२०)

गाडीचं बघू. हे रेल्वेच्या गाडीचं म्हणतोय.

१२११६ सिद्धेश्वर एक्सप्रेस. सोलापूरहून रात्री साडेदहाच्या पुढं सुटते आणि सकाळी सातच्या आत-बाहेर सीएसएमटीला लागते. नेमकी वेळ तिकिटावरची धरा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० दिवस होते). बोटीचं तिकीट लोक सहा-सहा महिने आधी काढतात आणि रेल्वेचं राहून जातं. साठावा दिवस मोजून कॅलेंडरवर खूण करा. सुटायचा दिवस त्यात धरायचा नाही. रविवारची रात्र आहे, सोमवारी कामावर हजर होणारे सगळे त्याच गाडीला असतात, त्यामुळे ही गाडी लवकर भरते.

तिकीट काढताना दोन गोष्टी बघा.

पहिली, सासूबाईंचं तिकीट वेगळं काढा. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ असतील तर लागतो. चौघांचं एकत्र काढलं की त्यांना मधला नाहीतर वरचा बर्थ येऊ शकतो आणि मग रात्री साडेदहाला डब्यात अदलाबदलीच्या विनवण्या कराव्या लागतात. भाड्यात सवलत मात्र मिळणार नाही, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली.

दुसरी, मुलगा दहाचा आहे. बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, अर्ध्या भाड्यात बर्थ मिळत नाही. रात्रीचा प्रवास आहे, पूर्ण काढा.

होटगीरोड (रविवार, रात्री १०.४१)

वंदे भारतने सोमवारी सकाळी निघालो तर? रात्रीची झोपमोड टळेल. किंवा मग सोमवारी रात्रीच्या सिद्धेश्वरने निघून मंगळवारी थेट बोट गाठायची, खोलीचं भाडंच वाचतं.

सात_रस्ता (रविवार, रात्री ११.०५)

वंदे भारत सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास निघते आणि साडेबाराला सीएसएमटी. गुरुवारी नसते. सोमवारी आलात तर अर्धा दिवस जातो आणि खोलीचं भाडं तेवढंच पडतं. सिद्धेश्वर स्वस्त पडते आणि दिवसही पदरात पडतो.

मंगळवारी सकाळी उतरून त्याच दिवशी बोट, हे करू नका. गाडी सातला आली तर प्रश्नच नाही. पण घाटात मालगाडी अडकली किंवा दौंडच्या पुढं खोळंबा झाला तर गाडी तीन-चार तास मागं पडू शकते. रेल्वेचं तिकीट बुडलं तर हजार-दीड हजार जातात. बोट सुटली तर चौघांची तिकिटं गेली, आणि ती गोव्याला जाऊन गाठायची म्हटलं तर कंपनी मधल्या बंदरात चढू देईलच असं नाही. एका रात्रीच्या खोलीचे पैसे हा त्या तिकिटांचा विमा समजा.

शिवडीचा_सोलापुरी (सोमवार, सकाळी ७.१५)

मुंबईतला भूगोल सांगतो, मग खर्च आपोआप खाली येईल.

तुमची गाडी सीएसएमटीला येते. बोट बॅलार्ड पियरला आहे. स्थानकाच्या १८ नंबर फलाटाकडच्या बाजूनं बाहेर पडलं की पी. डिमेलो रस्ता लागतो, तिथून टर्मिनल किलोमीटर-सव्वा किलोमीटर. म्हणून खोली फोर्टमध्येच घ्या, दादर-अंधेरीला स्वस्त दिसली तरी नको. दादरला पाचशे रुपये वाचले असं वाटतं आणि मंगळवारी चार बॅगा घेऊन टॅक्सी करताना ते परत जातात, वर सकाळच्या कोंडीची धास्ती. फोर्ट, सीएसएमटीसमोरच्या गल्ल्या, बोराबाजार, बॅलार्ड इस्टेट या पट्ट्यात बघा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. कोणी जुना १२ टक्के लावून भाव सांगत असेल तर विचारा.

खोली घेताना लॉजवाल्याला एकच प्रश्न: ‘चेक-आउट ठरलेल्या वेळेला की चोवीस तासांचं?’ चोवीस तासांचं असेल आणि सकाळी साडेसातला चावी घेतली, तर मंगळवारी साडेसातला खोली सोडायची. बारा ते बारा असेल तर सोमवारी सकाळी खोली मिळणार नाही किंवा अर्ध्या दिवसाचे पैसे मागतील, पण मंगळवारी बारापर्यंत राहता येईल. तुम्हाला दुसरं सोयीचं. सोमवारी बॅगा काउंटरच्या मागं ठेवून घ्या म्हणावं, खोली रिकामी असेल तर बरेच लॉजवाले आधीही देतात. सासूबाई आहेत हे आणि लिफ्ट हवी हे फोनवरच सांगा. फोर्टमधल्या जुन्या इमारतींत लॉज दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतात आणि लाकडी जिने खडे असतात.

आता आतला प्रवास. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही, पर्याय हे:

काळी-पिवळी टॅक्सी: पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढं किलोमीटरला वीसच्या वर. सीएसएमटी ते म्युझियम किंवा गेटवे साठ-सत्तरच्या आत. चौघं बसतात. सामान असेल तर लक्षात घ्या, डिकीत सीएनजीची टाकी असते. मोठी बॅग एकच मावते, बाकीच्या टपावरच्या कॅरिअरला. टपाला कॅरिअर नसलेली टॅक्सी आली तर सोडून द्या.

बेस्ट: पाच किलोमीटरपर्यंत साधी १० रुपये, वातानुकूलित १२. दिवसाचा पास ७५ चा, पण तुमच्या तीन-चार फेऱ्यांना तो परवडत नाही.

लोकल: सीएसएमटी ते भायखळा पाच रुपये, दहा मिनिटं. सकाळी गर्दीचा लोंढा सीएसएमटीकडं येतो आणि तुम्ही उलटे जाणार, डबा निम्मा रिकामा मिळतो. संध्याकाळी पाचनंतर लोंढा सीएसएमटीकडून बाहेर जातो, म्हणजे तेव्हा परत येतानाही तुम्ही उलटेच.

मेट्रो ३: ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू. सीएसएमटीचं स्थानक आहे, लिफ्ट आहे, भाडं १० ते ७० रुपये. खाली भुयारात मोबाइलचं नेटवर्क दगा देतं आणि यूपीआय गोल-गोल फिरत बसतं. तिकीट वर रस्त्यावर असतानाच फोनवर काढून ठेवा किंवा सुटे पैसे ठेवा.

कंबरतलाव (सोमवार, सकाळी ८.०२)

साडेचार हजारांची गाडी का नको ते पण सांगा त्यांना.

शिवडीचा_सोलापुरी (सोमवार, सकाळी ८.२०)

फोर्ट ते कुलाबा हे सगळं अडीच-तीन किलोमीटरच्या आत आहे. गाडीला तिथं थांबायला जागा नसते, ड्रायव्हर लांब जाऊन लावतो, मग फोन करून बोलवायचा आणि वीस मिनिटं उन्हात उभं राहायचं. एकेरी रस्त्यांमुळं पाचशे मीटरला दोन किलोमीटरचा वळसा. चार टॅक्सी केल्या तरी तीनशेच्या वर जात नाही.

भुईकोट (सोमवार, सकाळी ११.४०)

राणीच्या बागेबद्दल. मोठ्यांना ५० रुपये, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना २५. आई-वडील आणि दोन मुलं असं चौघांचं कौटुंबिक तिकीट १०० चं आहे, ज्यांची दोन मुलं आहेत त्यांनी तेच मागावं. साडेनऊला उघडते. पेंग्विन आधी बघा, अकरानंतर शाळांच्या सहली येतात आणि काचेपुढं रांग लागते. पण बाग पन्नास एकरांच्या वर आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथं दोन तास चालवणं म्हणजे बोटीवर चढायच्या आधीच सहल संपवणं. मुलाला घेऊन एकानं जावं, बाकी दोघींनी खोलीवर पडावं. रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसाला आडवं व्हायला मिळालं की संध्याकाळ चांगली जाते. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघायचं हा हट्ट कशाला?

वस्तुसंग्रहालय मात्र चौघांनी करा. सव्वादहा ते सहा, तिकीट माणशी दीडशे-दोनशेच्या घरात, तुमच्या बजेटमधला हाच सगळ्यात मोठा घास. व्हीलचेअर मागितली तर मिळते. सगळं बघायला गेलात तर पाय मोडतील. तळमजल्यावरची शिल्पं, मग लघुचित्रं, आणि मुलासाठी शस्त्रं व भुसा भरलेले प्राणी-पक्षी, दीड तासात उरका. इमारत जॉर्ज विटेटची, गेटवेही त्याचाच. एका दिवसात दोन्ही बघितले तर बसाल्टचा पिवळसर दगड आणि आपल्या विजापुरी गोल घुमटाशी नातं सांगणारा म्युझियमचा घुमट मुलाला दाखवता येईल. गोल घुमट सोलापूरपासून शंभर किलोमीटरवर आहे, त्यानं बघितलेला असणारच.

फुकटात बघण्यासारखं खरं तर सगळ्यात भारी आहे आणि यादीत त्याचं नावच नाही. ओव्हल मैदान. मैदानाच्या एका बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. या दोन रांगांना मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मधल्या रस्त्यानं चाललं की झालं, तिकीट नाही. दुपारी चारनंतर जा, ऊन पश्चिमेकडून टॉवरवर पडतं.

शेंगाचटणी (सोमवार, दुपारी १.१५)

संध्याकाळचं मी सांगते. सीएसएमटीहून एनसीपीएला जाणारी ए-११५ ही बस घ्या, त्या मार्गावर वातानुकूलित डबल डेकर धावतात. बारा रुपयांत वरच्या मजल्यावरची पुढची सीट मिळाली की मुलाचं अर्धं मुंबईदर्शन तिथंच होतं. जागा हवी तर सुरुवातीच्या थांब्यावरच चढा, मधे कुठं चढलात तर वर जागा नसते. सासूबाईंना खाली बसवा, आतला जिना अरुंद आहे.

एनसीपीए म्हणजे मरीन ड्राइव्हचं दक्षिण टोक. बसायला कठडा, जिने नाहीत, पैसे नाहीत. फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या पुढं मावळतो, सहाला पोचा. दिवे लागेपर्यंत थांबा, हाराचा पूर्ण आकार त्या टोकावरून दिसतो. मग बसनं परत सीएसएमटी, आणि स्थानकाची रोषणाई समोरच्या महापालिकेच्या बाजूनं बघा.

खाणं: सकाळी सीएसएमटीसमोरच ‘आराम’चा वडापाव, नाहीतर पलीकडच्या गल्लीत पंचम पुरीवाला. पुरी-भाजीत चौघांचं पोट भरतं आणि खिशाला कळतही नाही. चौपाटीवरची भेळ घ्यायची तर घ्या, पण बर्फाचा गोळा आणि उघडं सरबत बोटीच्या आदल्या दिवशी नको. पोट बिघडलेलं असताना बोट हलायला लागली तर मळमळीवरची गोळीही पोटात राहत नाही.

बॅलार्ड इस्टेटमध्येच ब्रिटानिया आहे, १९२३ पासूनचं इराणी हॉटेल, बेरी पुलाव प्रसिद्ध. दुपारचंच असतं आणि स्वस्त नाही. तुमच्या बजेटला एक प्लेट वाटून खाण्याइतकंच.

होटगीरोड (सोमवार, रात्री ९.०५)

खूप आभार. म्हणजे सोमवार: राणीची बाग (दोघंच), म्युझियम, ओव्हल, डबल डेकर, मरीन ड्राइव्ह. मंगळवारी सकाळी लवकर सिद्धिविनायक आणि हँगिंग गार्डन, अकरापर्यंत परत. बोर्डिंगचा स्लॉट अजून निवडलेला नाही, दुपारी तीनचा घेतला तर आणखी वेळ मिळेल ना?

सात_रस्ता (सोमवार, रात्री ९.२८)

मंगळवारी सिद्धिविनायक? मंगळवारी?

कंबरतलाव (सोमवार, रात्री ९.३१)

आषाढीला पंढरपुरात निवांत दर्शन घेऊ म्हणल्यासारखं झालं की हे.

शिवडीचा_सोलापुरी (सोमवार, रात्री १०.१०)

मंगळवारची रांग पहाटेपासून असते, किती तास लागतील याचा भरवसा नाही. आणि मुळात चढायच्या दिवशी पाच किलोमीटरच्या पलीकडं जायचंच नाही हा नियम ठेवा.

हँगिंग गार्डनच्या टेकडीवर मार्च २०२५ मध्ये झाडांमधून जाणारा लाकडी उन्नत मार्ग झाला आहे. पाचशे मीटरच्या आतला, तिकीट २५ रुपये, वेळेचा स्लॉट ऑनलाइन काढावा लागतो, पहाटे पाचपासून खुला. चांगला आहे. पण फोर्टमधून टॅक्सीला जाताना सव्वाशे आणि येताना सव्वाशे. म्हणजे शंभर रुपयांच्या तिकिटासाठी अडीचशेची टॅक्सी. मंगळवारी सकाळी त्यापेक्षा गेटवे करा. साडेसहाला तिथं फोटोवाले सोडून कोणी नसतं, दहा वाजता उभं राहायला जागा नसते. टॅक्सीनं जा, तासभर थांबा, नाश्ता करून साडेनऊला खोलीवर या.

स्लॉट उशिराचा घेऊ नका, जितका लवकरचा मिळेल तितका घ्या. कारण साधं आहे, बोटीवरचं दुपारचं जेवण तिकिटात धरलेलं असतं. बाराचा स्लॉट घेतला तर चौघांचं जेवण फुकट, म्हणजे आधीच पैसे भरलेलं. तीनचा घेतला तर जेवण बाहेर, शिवाय बारा ते तीन चार बॅगा घेऊन फूटपाथवर. वेब चेक-इन उघडल्याच्या दिवशीच करा, लवकरचे स्लॉट आधी जातात.

भुईकोट (सोमवार, रात्री १०.४५)

सगळे आधीच्या दीड दिवसात कोंबायला बघतात आणि उतरल्यानंतरचा दिवस वाया घालवतात. शुक्रवारी सकाळी बोट लागते. उतरायला नऊ-साडेनऊ धरा. सामान स्वतःच उचलून उतरलात तर लवकर, आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवलंत तर टर्मिनलवर शोधावं लागतं. परतीची गाडी कोणती?

होटगीरोड (सोमवार, रात्री १०.५०)

वंदे भारत, शुक्रवारची. अजून काढायची आहे.

सात_रस्ता (सोमवार, रात्री ११.००)

२२२२५. सीएसएमटीहून दुपारी चारच्या सुमारास, सोलापूरला रात्री पावणेअकराच्या आत. ही बुधवारी नसते, शुक्रवारी आहे.

भुईकोट (सोमवार, रात्री ११.१२)

म्हणजे साडेनऊ ते साडेतीन, सहा तास मोकळे. सिद्धिविनायक तेव्हा घ्या. सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये, तिथूनच मेट्रो ३, सिद्धिविनायक नावाचंच स्थानक आहे. सासूबाईंना लिफ्ट, एसी, आणि शुक्रवार असल्यामुळं रांगही बरी. दीड वाजता परत.

या वेळी उशीर झाला तर नुकसान फक्त रेल्वेच्या तिकिटाचं. रात्रीची सिद्धेश्वर तरी असतेच. जिथं वेळेची खात्री नाही अशी ठिकाणं बोटीच्या आधी ठेवायचीच नाहीत, नंतर ठेवायची.

आणि घारापुरी खरंच बघायची असेल तर तीही शुक्रवारीच बसते, पण मग वंदे भारत सोडून रात्रीची सिद्धेश्वर घ्यावी लागेल. हिशोब असा: गेटवेहून लाँच तासभर, परत तासभर, धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, लेण्यात दीड तास. लाँचची वाट बघणं धरून पाच तास. लाँचचे जाऊन-येऊन माणशी अडीचशेच्या वर, लेण्यांचं तिकीट ४० रुपये, १५ वर्षांखालच्यांना नाही. चौघांचे हजार-बाराशे होतात. पायऱ्यांसाठी डोली मिळते, तिचे वेगळे. सासूबाईंसाठी मी तरी सुचवणार नाही.

सात_रस्ता (सोमवार, रात्री ११.२५)

क्लोकरूमची अट विसरू नका. रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं. चेनला कुलूप नसेल तर घेत नाहीत आणि मग स्थानकाबाहेर दीडशेला कुलूप विकत घेत बसावं लागतं. नवी पेठेतून चार छोटी कुलपं आधीच घ्या.

शेंगाचटणी (मंगळवार, सकाळी ८.४०)

सोमवारचा हिशोब मांडला, चौघांचा:

लोकल, दोघांची ये-जा: २० रुपये.
राणीची बाग, एक मोठा एक लहान: ७५.
वस्तुसंग्रहालय: ६०० ते ८००.
टॅक्सी, दोन फेऱ्या: १३०.
बस, दोन फेऱ्या: ९६.
नाश्ता, जेवण, चहा, रात्रीचं जेवण: १०००.

म्हणजे साडेएकवीसशेच्या आत. मंगळवारची गेटवेची टॅक्सी आणि नाश्ता तीनशे-साडेतीनशे धरा. अडीच हजारांत बसतं. जास्त काटायचं असेल तर म्युझियमऐवजी जहांगीर आर्ट गॅलरी, शेजारीच आहे आणि फुकट आहे, पण दहा वर्षांच्या मुलाला तिथं दहा मिनिटंच गोडी वाटेल.

शिवडीचा_सोलापुरी (मंगळवार, सकाळी ९.१०)

मंगळवारी टर्मिनलला जाताना एक घोळ हमखास होतो. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ टर्मिनल’ म्हणालात तर काही जण भाऊच्या धक्क्याला नेतात, कारण तिथं मांडव्याच्या रो-रोचं (गाड्या नेणाऱ्या बोटीचं) टर्मिनल आहे. नकाशातही दोन्ही नावं सारखी दिसतात. अंतर तीन-चार किलोमीटर, मधे पी. डिमेलो रस्त्यावरचे ट्रक. ‘बॅलार्ड पियर, बॅलार्ड इस्टेट’ एवढंच सांगा आणि बोर्डिंग पासवर जे गेट लिहिलंय तेच. नवी इमारत सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, त्यामुळं जुन्या चित्रफिती बघून गेट ठरवू नका.

बंदराच्या हद्दीत शिरतानाच ओळखपत्र बघतात. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, मुलाचंही, हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा टॅग लावून दारातच घेतात आणि केबिनपाशी यायला दोन-चार तास लागतात. सासूबाईंची औषधं, चार्जर, मुलाचे पोहायचे कपडे बॅगेत गेले तर संध्याकाळपर्यंत विसरा. व्हीलचेअर हवी असेल तर आधी कळवून ठेवा, नाहीतर रांगेत उभं राहावं लागेल.

होटगीरोड (मंगळवार, सकाळी ९.३०)

सगळं टिपून घेतलं. गाडीवाल्याला नाही म्हणून कळवलं. शेवटचा प्रश्न, हसू नका. सासूबाई कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पान-सुपारीचा डबा घेतल्याशिवाय घर सोडत नाहीत. बोटीवर चालेल?

शेंगाचटणी (मंगळवार, सकाळी ९.४४)

बाहेरचं खाणं बोटीवर नेऊ देत नाहीत, बॅग एक्स-रेतून जाते. भाकरी-चटणी रेल्वेत आणि सोमवारच्या नाश्त्याला संपवा, त्यानं तुमचे दोनशे रुपये आणखी वाचतील. उरली तर लॉजवर ठेवू नका, मुंग्या लागतात.

कंबरतलाव (मंगळवार, सकाळी ९.५२)

आणि त्या डब्यातला आडकित्ता आधी काढा. धारदार वस्तू म्हणून तिथंच ठेवून घेतील. सुपारी घरीच कातरून न्या म्हणावं.